पन्नास कॅसेटींची घरगुती आवृत्ती: पंक आणि गॅरेज बँडसाठी मास्टर फाइलपासून पाकिटापर्यंत

पंक किंवा गॅरेज बँडचं रेकॉर्डिंग कॅसेटवर काढायचं ठरलं की एक गैरसमज हमखास आडवा येतो: गाणी मुळातच खरखरीत आहेत, मग कॉपी थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाला कळणार? कळतं. अ‍ॅम्पने फाडलेला आवाज अंगावर येतो, डेकच्या (कॅसेट भरणाऱ्या-वाजवणाऱ्या यंत्राच्या) मळलेल्या हेडने, म्हणजे फितीला टेकून आवाज उमटवणाऱ्या-वाचणाऱ्या भागाने, मारलेला आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो. घरगुती आवृत्ती काढताना सगळी मेहनत एवढ्यासाठीच असते, की टेपवर जी घरघर ऐकू येईल ती बँडची असावी, डेकची नको.

फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी. ३.८१ मिमी रुंदीची फीत, सेकंदाला ४.७६ सेंमी वेग. एवढ्या तुटपुंज्या जागेत पुढे लोकांनी संगीत बसवलं. १९८२ साली बॅड ब्रेन्स या पंक बँडचा पहिला अल्बम न्यूयॉर्कच्या रोर (ROIR) या लेबलने फक्त कॅसेटवर काढला, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियात के रेकॉर्ड्सची सुरुवातही कॅसेटींनीच झाली. कारण साधं होतं. रेकॉर्ड छापायला कारखाना लागतो, कॅसेट घरी भरता येते.

इथे पन्नास प्रतींची आवृत्ती गृहीत धरली आहे. तेवढ्यासाठी साठ कोऱ्या कॅसेटी मागवाव्यात. चाचणीला दोन-तीन जातात, दोन-तीन सदोष निघतात आणि उरलेल्या बँडच्या संग्रहात लागतात.

लांबीचं गणित आधी

गाण्यांचा क्रम आणि कॅसेटची लांबी एकत्रच ठरवा. समजा पहिल्या बाजूला सहा गाणी आहेत, बेरीज १३ मिनिटं ४० सेकंद. सहा गाण्यांमध्ये पाच मोकळ्या जागा, प्रत्येकी २ सेकंद, म्हणजे १० सेकंद. सुरुवातीला ५ आणि शेवटी ५ सेकंद शांतता. एकूण बरोबर १४ मिनिटं. सी-३० मध्ये, म्हणजे बाजूला १५ मिनिटांत, हे आरामात बसतं. हव्या त्या लांबीच्या कॅसेटी भरून देणारे असतील तर मोठ्या बाजूत अर्धा मिनिट मिळवून दुप्पट करा: साडेचौदा गुणिले दोन, सी-२९. कोऱ्या कॅसेटीत छापील लांबीपेक्षा थोडी जास्त फीत बहुधा असते, पण त्या भरवशावर गाणं बसवू नका. शेवटचा कोरस कापला गेला की सगळी आवृत्ती रद्दीत.

मोठी बाजू नेहमी पहिली ठेवा. पहिली बाजू छोटी असेल तर तिच्या शेवटी उरलेली कोरी फीत ऐकणाऱ्याला पुढे पळवावी लागते, तेव्हा कुठे दुसरी बाजू सुरुवातीपासून लागते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी दोन मिनिटं कोरी राहिली तर कुणाचं काही अडत नाही.

सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते आणि सी-१२० ची तर इतकी पातळ, की स्वस्त प्लेअरमध्ये ती गुंडाळली जाण्याची शक्यता मोठी. वीस-तीस मिनिटांच्या पंक आवृत्तीला तिकडे वळायचं कारणच नाही.

मास्टर फाइल: टेपला काय पचत नाही

प्रत्येक बाजूची एकच सलग मास्टर फाइल, म्हणजे जिच्यावरून सगळ्या प्रती भरायच्या ती, करा: २४ बिट वेव्ह, सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या आत. गाणी सुटी ठेवून प्लेलिस्ट वाजवली तर मध्येच सॉफ्टवेअर नको तेवढं थांबतं किंवा एका गाण्याचा आवाज आपोआप वरखाली करतं.

टेप दाबून भरली की आवाज ऊबदार होतो, हे अर्धंच खरं आहे. मधल्या आणि खालच्या पट्टीत साधी फेरिक टेप बराच जोर सहन करते. गिटार आणि स्नेअर तिथे छान घट्ट होतात. पण कॅसेटच्या संथ वेगामुळे १० किलोहर्ट्झच्या आसपास ती कितीतरी आधी तुंबते, म्हणजे आणखी जोर घेईनाशी होते. तशात रेकॉर्ड होताना डेक उंच पट्टी मुद्दाम वाढवून टेपवर पाठवतो. त्यामुळे उघडी हाय-हॅट आणि क्रॅश सतत वाजत असलेलं गाणं जोरात भरलं तर झांजा वाढत नाहीत, उलट त्यांचा चुरा होतो आणि तो गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ वर सांडतो.

उपाय मास्टरमध्येच करावा लागतो. १२ किलोहर्ट्झच्या वर २ ते ३ डेसिबल कमी करा. गायकाच्या आवाजावर आणि गरज असेल तर संपूर्ण मिक्सवर ६ ते ९ किलोहर्ट्झच्या दरम्यान डी-एसर, म्हणजे टोचणारे ‘स’ आणि ‘श’ दाबणारं साधन, लावा. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. ते ऐकू येत नाही, पण टेपवरची जागा खातं. इंटरनेटसाठी केलेला, लिमिटरने (टोकं दाबून आवाज मोठा करणाऱ्या साधनाने) चिरडलेला मास्टर जसाच्या तसा वापरू नका. त्यात श्वास घ्यायला जागा नसते, टेप त्यावर आणखी दाब देते आणि तीन गाण्यांनंतर कान थकतात. लिमिटर ३-४ डेसिबलने सैल केलेली वेगळी प्रत मिक्स करणाऱ्याकडून मागून घ्या.

मास्टर एकदा मोनो करूनही ऐका. दोन गिटार अगदी डावी-उजवीकडे फेकलेल्या असतील आणि त्यातली एक मोनोत विरत असेल, तर एका स्पीकरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर ती कुणालाच ऐकू येणार नाही.

कोरी कॅसेट

फेरिक, म्हणजे टाइप वन, पुरेशी आहे. क्रोम म्हणजे टाइप टू मध्ये सूं आवाज कमी असतो हे खरं, पण भिंतीसारख्या गिटारमागे तो तसाही लपतो, आणि टाइपचं बटण नसलेल्या प्लेअरवर क्रोम गरजेपेक्षा चरचरीत वाजते.

कवच पाच स्क्रूंचं मिळालं तर उत्तम. फीत अडकली तर उघडून दुरुस्त करता येतं. चिकटवलेलं कवच वाईट नसतं, पण ते एकदा फोडलं की गेलं. नमुना म्हणून आलेली एक कॅसेट उघडून पाहा: फितीमागे पितळी पट्टीवर बसलेला फेल्टचा छोटा तुकडा सरळ आहे का, दोन्ही कोपऱ्यांतली चाकं मोकळी फिरतात का, आणि रिळांच्या वरखाली गुळगुळीत पातळ पत्रे आहेत का. हे पत्रे नसले तर कॅसेट वाजताना किंचाळते, आणि हा दोष बहुधा महिनाभराने, गिऱ्हाइकाच्या घरी उगवतो.

जुन्या, वापरलेल्या कॅसेटींवर भरण्याची परंपरा पंकमध्ये आहे आणि दिसायला ती झकास दिसते. पण फेल्ट गळून पडलेला असतो, सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोड सुटलेला असतो आणि मिटवलेलं गाणं शांततेत डोकावतं. दहा प्रतींची गंमत म्हणून ठीक. पन्नास प्रती पैसे घेऊन विकायच्या असतील तर कोऱ्याच घ्या.

डेक तयार करणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही.

तीन हेडचा डेक मिळाला तर सोडू नका, कारण त्यात टेपवर उतरलेला आवाज त्याच क्षणी ऐकता येतो. दोन कप्प्यांच्या डेकवरचं दुप्पट वेगाचं डबिंग वापरायचं नाही: उंच पट्टी जाते आणि दोन यंत्रांची थरथर एकात एक मिसळते. ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये हेड उलटं फिरल्यावर त्याचा कोन किंचित बदलतो, म्हणून तसा डेक असला तरी कॅसेट हातानेच उलटा.

आधी सफाई. कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि शेजारचा बारीक फिरता धातूचा दांडा पुसा. तपकिरी डाग उतरायचा थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी चाक सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा. त्यावर चकाकी आली असेल किंवा मध्ये खाच पडली असेल तर ते बदलायला हवं, कारण ते फितीवर घसरतं आणि लांबलेला स्वर डुलायला लागतो. हेडचं चुंबकत्व काढणारं यंत्र वापरणार असाल तर डेक बंद ठेवा, यंत्र हळूहळू हेडजवळ न्या, तितक्याच हळू अर्धा मीटर दूर आणा आणि मगच त्याची वीज बंद करा. जवळ असताना बंद केलं तर हेड आणखी चुंबकीय होतं.

मग वेग. इथे फसगत ठरलेली. डेक १ टक्का जोरात फिरत असेल तर तो रेकॉर्डही जोरात करतो आणि वाजवतोही जोरातच, त्यामुळे स्वतःचीच कॅसेट स्वतःवर अगदी बरोबर वाटते. दुसऱ्याच्या घरी मात्र गाणं खाली उतरतं. म्हणून ३१५० हर्ट्झचा स्वर असलेली चाचणी कॅसेट वाजवून संगणकावर वारंवारता मोजा. ३१८१ दिसलं तर १ टक्का वेग जास्त आहे. मोटरच्या मागच्या छोट्या छिद्रातून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो जुळतो. आकडा एका जागी न थांबता नाचत असेल तर बेल्ट किंवा रबरी चाक गेलं आहे, स्क्रू फिरवून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट अ‍ॅझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा उभा कोन. तो जरासा चुकला तर तुमच्या डेकवर सगळं लख्ख आणि बाकी सगळीकडे गढूळ. घरगुती आवृत्त्यांची सर्वांत मोठी तक्रार ‘आवाज दबलेला आहे’ ही असते, आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच कोन निघतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा पेनाने खुणावून ठेवा. १० किलोहर्ट्झची चाचणी कॅसेट वाजवा, दोन्ही चॅनेल मोनो करा आणि आवाज सर्वांत मोठा व स्पष्ट होईपर्यंत स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, हलवा. चाचणी कॅसेट नसेल तर कारखान्यात भरलेल्या दोन-तीन चांगल्या कॅसेटी वाजवून त्या सगळ्यांवर झांजा जिथे उघडतात ती मधली जागा पकडा.

डेकवर बायसची, म्हणजे रेकॉर्ड करताना टेपला दिल्या जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या संकेताची, चकती असेल तर ती वापरा. उणे २० डेसिबलला पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला सलग खळखळाट) भरा आणि मूळ आवाज व टेपवरचा आवाज आलटूनपालटून ऐका. टेप निस्तेज वाटली तर बायस कमी करा, कर्कश वाटली तर वाढवा. ही तुलना मोठ्या आवाजात करू नका. तिथे टेप स्वतःच तुंबलेली असते, त्यामुळे बायसचा अंदाज चुकतो.

डॉल्बी, म्हणजे टेपचा सूं आवाज कमी करणारी सोय, बंद. आजच्या नव्या प्लेअरमध्ये डॉल्बी जवळजवळ नसतोच, आणि डॉल्बीने भरलेली टेप त्याशिवाय वाजवली की उंच पट्टी उगीच चढते.

लेव्हल ठरवा, मग पहिली प्रत

डेकच्या मीटरवरचा शून्य प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून आकड्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा. सगळ्यात गोंगाटाच्या गाण्याचं एक मिनिट तीनदा भरा: टोकं शून्यावर, मग अधिक ३ वर, मग अधिक ६ वर. तिन्ही वेळा फक्त झांजा आणि गायकाचा ‘स’ ऐका. गिटार तिसऱ्या खेपेला नक्कीच भारी वाटेल, त्या मोहात पडू नका. झांजा ज्या पातळीला चुरायला लागतात त्याच्या २ डेसिबल खाली थांबा.

आता दोन्ही बाजू पूर्ण भरून पहिली प्रत तयार करा आणि ती या डेकवर ऐकू नका. एक स्वस्त वॉकमन, एक जुना टू-इन-वन, एखाद्या मित्राचा डेक. निदान तीन परक्या यंत्रांवर ऐका. तिन्हीकडे दबलेली वाटली तर दोष तुमच्याकडे आहे. एकाच ठिकाणी दबली तर त्या यंत्राकडे. ही प्रत मंजूर होईपर्यंत दुसरी भरायची नाही.

डबिंगचा दिवस

तीन डेक, ५४ प्रती, म्हणजे १८ फेऱ्या. सी-३० ची एक फेरी ३० मिनिटं, वर उलटणं, तपासणं, खोक्यात ठेवणं धरून ३५. एकूण साडेदहा तास. दोन दिवसांत विभागा. आठव्या तासाला माणूस रेकॉर्डचं बटण दाबायला विसरतोच. ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकातला आवाज बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) एका आउटपुटवरून दोन-तीन डेकना विभागणारी वायर चालते. त्याहून जास्त डेक असतील तर डिस्ट्रिब्यूशन अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे एकच आवाज अनेक डेकना वाटणारं यंत्र, लावा.

संगणकाचं नेट बंद, सूचना बंद. ईमेल आल्याची टिंग अकरा प्रतींवर कायमची उमटली तर तो पंक नाही, नुसता निष्काळजीपणा आहे.

प्रत्येक कॅसेट भरण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे पळवा, म्हणजे आत सैल पडलेली फीत सारखी गुंडाळली जाते. मग सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीकडे लक्ष द्या. तिच्यावर आवाज उमटत नाही, आणि ती जाईपर्यंत साधारण ५ सेकंद लागतात. पेन्सिल घालून तपकिरी फीत खालच्या पूर्ण खिडकीत दिसेपर्यंत रीळ फिरवा, रेकॉर्ड चालू करा, तीन मोजा, मग फाइल सोडा. पंक गाणी पहिल्या ठोक्यापासून धावतात. चार काड्यांची मोजणी गिळली गेली तर गाण्याचं नाकच कापल्यासारखं होतं.

बाजू भरून झाली की सुरुवातीची वीस सेकंद, मधला एक तुकडा आणि शेवट ऐका, प्रत्येक प्रतीचा. दर दहावी प्रत पूर्ण ऐका. मग कॅसेट उघडी कड खाली धरून समोर घ्या: वरच्या कडेला डावीकडचं प्लास्टिकचं पान समोरच्या बाजूचं. दोन्ही पानं मोडा, म्हणजे कॅसेटवर चुकून पुन्हा रेकॉर्ड होत नाही. दर दहा प्रतींनंतर हेड आणि चाक पुन्हा पुसा; नव्या फितीही भुकटी सोडतात.

मध्येच एक चॅनेल पडला तर आधी हेड पुसा, नंतर वायर हलवून पाहा. सतत घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला तर तो ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) होता, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने तो कायमचा जातो. आवाज पोकळ येतोय आणि गायक गायबच झालाय, तर स्टिरिओच्या जागी बॅलन्स्ड वायर लागलेली असण्याची दाट शक्यता आहे.

जे-कार्ड

जे-कार्ड म्हणजे कॅसेटच्या डब्यात बसणारं घडीचं छापील कव्हर. मापं: पुढचा भाग ६५ मिमी, कणा १२.७, मागची घडी १६, उंची १०२. उलगडलेलं कार्ड साधारण ९४ गुणिले १०२. चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचा रंग धरला तर १०० गुणिले १०८ होतं आणि ए-४ कागदावर चार बसतात. ५४ कार्डांना चौदा कागद पुरतात. कापताना चुका होणारच, अठरा छापा. कागद १६० ते २०० जीएसएमचा. कार्डं ए-४ वर उभी लावा: घड्या कागदाच्या लांब बाजूला समांतर येतात, आणि ए-४ चे तंतूही बहुधा त्याच दिशेने धावतात, त्यामुळे घडी स्वच्छ मोडते. आडवी लावली तर कडेवर केस आल्यासारखं दिसतं.

झेरॉक्सचा काळाकुट्ट देखावा या संगीताला शोभतो, फक्त टोनर घडीवर तडकतो आणि कण्यावर पांढरी रेघ उठते. घडी घालण्याआधी पट्टी ठेवून बोथट सुरीच्या पाठीने हलकी खाच पाडा, किंवा कण्याची पार्श्वभूमी सरळ पांढरी ठेवा. कण्यावर बँडचं नाव, आवृत्तीचं नाव आणि क्रमांक एवढंच. ६ पॉइंटहून लहान अक्षर फोटोकॉपीत भरून जातं. कापण्यासाठी कात्री नको, लोखंडी पट्टी आणि नवं ब्लेड. पातं दर दहा कागदांनी बदला.

कवचावर कागदी लेबल चिकटवणार असाल तर ते कवचावरच्या खोलगट जागेच्या आतच बसलं पाहिजे, नाहीतर कॅसेट प्लेअरमध्ये अडकते. रबरी शिक्का जास्त टिकाऊ दिसतो, पण साधी शाई प्लास्टिकवर कधीच वाळत नाही. सॉल्व्हंट शाई घ्या आणि रात्रभर हात लावू नका.

सात इंचीचा मोह

बझकॉक्स या इंग्लंडमधल्या पंक बँडने १९७७ साली स्वतःच्या लेबलवर पहिली सात इंची रेकॉर्ड काढली, सुरुवातीला हजार प्रती, आणि तेव्हापासून प्रत्येक बँडला ती खाज आहे. ४५ च्या वेगाला बाजूला साधारण साडेचार मिनिटांपर्यंत धरा. त्यापुढे खोबणी अरुंद करावी लागते आणि आवाज खाली येतो. तळाचे सूर मोनोत ठेवा, नाहीतर सुई उडते. सर्वांत फाटका, झांजांचा भाग बाजूच्या शेवटी नको, कारण आतल्या वर्तुळात रेषेचा वेग कमी होतो आणि उंच पट्टी तिथेच बिघडते. चाचणी प्रती आल्या की सगळ्या ऐका: टिक्‌ एकाच जागी सगळ्यांवर असेल तर साच्याचा दोष, एकीवरच असेल तर त्या प्रतीचा. वीस-तीसच प्रती हव्या असतील तर लेथवर, म्हणजे रेकॉर्ड कोरणाऱ्या यंत्रावर, एकेक कोरून मिळतात. त्या किंचित जास्त खरखरतात, हे आधीच जाहीर करा.

हिशेब, हक्क, पाकीट

दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर बहुतेक देशांत त्याच्या रचनाकाराची परवानगी किंवा यांत्रिक परवाना (गाण्याच्या प्रती काढण्याचा परवाना) लागतो, प्रती पन्नास असोत की पाच हजार. बँडला किती प्रती फुकट आणि मास्टर कुणाच्या मालकीचा, हे दोन ओळींत लिहून घ्या. छोट्या आवृत्तीत पैशांऐवजी दहा-वीस टक्के प्रती देण्याची पद्धत चालते. फक्त ती आधी ठरलेली हवी.

पाठवताना टेप पूर्ण मागे गुंडाळून ठेवा. प्लास्टिकचा डबा नुसत्या बुडबुड्यांच्या पाकिटात गेला की बिजागरी तुटते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याचे तुकडे लावा, डब्याहून सेंटिमीटरभर मोठे. तुटतीलच, म्हणून पाच रिकामे डबे बाजूला ठेवा.

मंजूर झालेली ती पहिली प्रत विकू नका. तिच्या डब्यात एक चिठ्ठी घाला: कोणता डेक, लेव्हल किती, बायस कुठे, कोणती मास्टर फाइल, तारीख. प्रती संपल्या आणि आणखी तीस मागितल्या गेल्या, तर नव्या प्रती तिच्याच शेजारी ठेवून जुळवता येतील.